वाढलेली घरटी

दुपारचे तीन वाजले होते आणि डॉ. सदानंद वालावलकरांना झोप येत होती. प्रयोगशाळेतल्या पाटीवर १६६ हा आकडा हिरव्या अक्षरांत झळकत होता. नऊ वर्षांपूर्वी त्याच जागी १९ होता आणि त्या एकोणीसने त्यांची झोप उडवली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. खरं तर आज आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता. वय झालं असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

सगळं केंद्र उभं होतं ते एका पाखरासाठी. निळी माशीमार. चिमणीहून लहान, पाठ निळीशार, छाती नारिंगी, पोट पांढरं. खालच्या फांदीवर ताठ बसायचं, माशी दिसली की झेप घालायची आणि परत त्याच फांदीवर येऊन बसायचं, यात तिचा दिवस जाई. एके काळी सह्याद्रीत कुठल्याही ओढ्याकाठी ती दिसायची. दोन हजार पन्नास सालानंतरच्या उन्हाळ्यांनी ओढे आटले, ओढ्यांबरोबर माश्या गेल्या, माश्यांमागोमाग ती गेली. आता २०६८ च्या एप्रिलात ती एकाच जागी उरली होती, घाटाखालच्या हरपोली गावाच्या देवराईत. तिथे केंद्राने तुषारपंखे बसवले होते. धरणाचं पाणी धुक्याइतकं बारीक करून ते झाडीत सोडायचे, म्हणून राईतलं शेवाळ ओलं राहायचं आणि म्हणून माशीमार राहायची.

टेबलावर प्रमाणपत्र होतं. त्यावर छापलं होतं, ‘सावरलेली प्रजाती’. खाली दोन सह्यांची जागा होती. एक वालावलकरांची आणि दुसरी पुण्याहून आलेल्या तपासनीस डॉ. ऋजुता टेंगशे यांची. दोन्ही सह्या झाल्या की तुषारपंखे काढून दुसऱ्या खोऱ्यात न्यायचे, तिथे एक बेडूक मदतीच्या रांगेत उभा होता. केंद्राच्या पिंजऱ्यात राखीव म्हणून ठेवलेली शेवटची मादी शहरातल्या पक्षीघरात पाठवायची. आणि वालावलकरांनी निवृत्त होऊन कुडाळला बहिणीकडे जायचं. बेडकाचं जितकं काम अडलं होतं तितकंच वालावलकरांचंही अडलं होतं.

पण टेंगशे बाई सही करेनात.

“मला एक गोष्ट पटत नाहीये,” त्या म्हणाल्या. “घरटी जवळजवळ नऊपट झाली. आणि तुमच्या श्रवणकळ्यांना ऐकू येणारं गाणं मात्र दरवर्षी कमी होत गेलंय. हे कसं काय?”

श्रवणकळ्या म्हणजे झाडांना बांधलेले बोटभर ध्वनिग्राहक. राईच्या कडेकडेने तसे चाळीस लावले होते.

वालावलकरांनी हे उत्तर इतक्या वेळा दिलं होतं की ते डोळे मिटूनही देऊ शकले असते. “नर गातो कशासाठी? मादी मिळवायला. एकदा मिळाली की तो गाणंबिणं सोडून कामाला लागतो. लग्न ठरेपर्यंत मुलगा अत्तर लावून फिरतो, तसं समजा. एकटा नर दिवसाला तीन-चार हजार वेळा गातो, जोडीतला जेमतेम दोनशे वेळा. यावर मी आयुष्याची पंधरा वर्षं घातलीत.”

“म्हणजे शांत जंगल ते सुखी जंगल?”

“वनप्रतिमा तसंच म्हणते.”

वनप्रतिमा ही रेहाना सोलकरची जबाबदारी होती. रेहाना केंद्राची संगणकतज्ज्ञ, रत्नागिरीची, चार वर्षांपूर्वी रुजू झालेली. ती खुर्ची ओढून पुढे आली.

“मॅडम, वनप्रतिमा म्हणजे संगणकाच्या आत उभी केलेली दुसरी राई. खऱ्या राईत जे घडतं ते कळवलं की ती स्वतःत तोच बदल करते आणि पुढे काय होईल ते सांगते. किती पाणी, कुठला पंखा, कधी, हे सगळं तीच ठरवते. पण तिला डोळे नाहीत, फक्त कान आहेत. आणि कानांवर तिचा फारसा भरवसा नाही. म्हणून माणसाने स्वतः पाहून केलेली नोंद ती प्रमाण धरते आणि ऐकलेल्या आवाजाचा अर्थ त्या नोंदीप्रमाणे लावते. नोंदीत घरटी वाढली आणि आवाज कमी झाला, तर तिचा निष्कर्ष एकच निघतो. नर सगळे संसाराला लागले.”

“आणि डोळे कोणाचे?”

“जनाकाकींचे.”

जनाकाकी धुरी ही हरपोलीची. तिच्या सासरी राईची देखरेख पिढीजात. रोज सकाळी ती राईत एक फेरी मारायची आणि गळ्यातल्या बोलवहीत बोलायची. बोलवही म्हणजे डबीएवढं यंत्र, बोललेलं ऐकून त्याची नोंद करून इकडे पाठवणारं. त्याला फक्त शुद्ध बोललेलं कळतं असं पहिल्याच दिवशी कोणीतरी काकीला बजावलं होतं. म्हणून एरवी तोंडभर मालवणी बोलणारी काकी त्या डबीपुढे चौथीच्या पुस्तकातली भाषा बोलायची, फक्त राईतल्या झऱ्याला वझरच म्हणायची. ‘नवे घरटे. एक. वझराजवळ.’ ‘पिल्ले उडाली. जोडी आहे.’ ‘घरटे वाढले. एक.’

“तिच्या नोंदी बरोबर आहेत कशावरून?” टेंगशे बाईंनी विचारलं.

“पहिला महिनाभर आमची माणसं रोज ऐकून तपासत होती,” रेहाना म्हणाली. “चूक एकच सापडली. काकी एकदा डबी बंद करायला विसरल्या आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, भात वाढलाय, येवा जेवक. वनप्रतिमेने भात नावाचं नवं पाखरू नोंदवलं. मग यंत्राला शिकवलं, की वाढण्याचे अर्थ दोन. जेवणाचं नाव आलं तर वाढणं वेगळं, घरट्याचं आलं तर वेगळं. नंतर कोणी ऐकलं नाही. गरजच पडली नाही.”

टेंगशे बाई हसल्या. वालावलकरही हसले, खरं तर विसाव्यांदा.

“तुमच्यापैकी कोणी आत जाऊन पाहिलं नाही? नऊ वर्षांत?”

रेहानाने वालावलकरांकडे पाहिलं. मग वालावलकरच बोलले. “गावाची अट आहे की राईत अनवाणी जायचं. आणि आपल्या संस्थेची अट आहे, की जंगलात कर्मचाऱ्याने पायात सुरक्षा-बूट घातलेच पाहिजेत, नाहीतर विमा नाही. दोन्ही अटी पाळायच्या तर राईच्या कडेला उभं राहायचं. आम्ही उभे राहिलो. सवलत द्या म्हणून मी तीन पत्रं लिहिली. चौथं लिहायचा कंटाळा आला.”

असं स्पष्ट बोलून झाल्यावर त्यांना जरा लाज वाटली. टेंगशे बाईंनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि तेवढ्यात पिंजऱ्याच्या खोलीतून काहीतरी खळ्ळकन फुटल्याचा आवाज आला.

जनाकाकी आठवड्यातून एकदा डबी बदलून घ्यायला केंद्रात यायची आणि आली की राखीव मादीला भेटल्याशिवाय जायची नाही. आजही ती तिला किडे भरवत होती. बाहेर येताना जाळीच्या दारात तिचा हात अडकला होता. ती खाली बसून हिरव्या काचेचे तुकडे वेचत होती. रेहाना धावली.

“काकी, लागलं का? बांगडी फुटली वाटतं.”

“वाढली गो बाय,” काकी म्हणाली. “फुटली म्हणा नये. वाढली म्हणायचां. सांभाळ, पायाक लागात.”

रेहाना तुकडे वेचू लागली. टेंगशे बाई सही करायला वाकल्या. वालावलकर मात्र खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. त्यांची आई हेच बोलायची. बांगडी वाढली. देवापुढे नारळ वाढवला. घरातलं तांदूळ-मीठ सरलं तरी ती कधी संपलं म्हणाली नाही, वाढलं म्हणाली. मोडणं, फुटणं, संपणं, असलं अभद्र तोंडातून काढायचं नाही म्हणून शोधलेला हा एक सोज्वळ शब्द त्यांना सहाव्या वर्षापासून ठाऊक होता.

“थांबा,” ते म्हणाले. “बाई, सही करू नका.” आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. “काकी, इकडे बस. मला सांग, घरटं वाढलं म्हणजे काय?”

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. “म्हणजे वाढलां. कधी घोरपडीन खाल्लां, कधी उन्हान शेवाळ सुकान पडलां. जोडी गेली.”

“मग मोडलं असं का नाही सांगितलंस?”

“राईत? माउलीच्या राईत उभा ऱ्हवान मेला-मोडला म्हणू? देवी ऐकता, सायबानू.”

रेहानाच्या ओंजळीत काचेचे तुकडे तसेच होते. मग ते टेबलावर ठेवून ती यंत्रासमोर बसली आणि नऊ वर्षांच्या नोंदी उघडल्या. मोडले, मेले, संपले हे शब्द शोधले. एकदाही नाही. वाढले शोधला. त्र्याऐंशी वेळा.

“सुरुवातीची एकोणीस,” ती हळू म्हणाली. “नवी घरटी चौसष्ट. मिळून त्र्याऐंशी. त्यात वाढलेली त्र्याऐंशी मिळवली म्हणून एकशे सहासष्ट. सर, ती मिळवायची नव्हती.”

“वजा कर.”

“सर—”

“अगं कर ना वजा! एवढं शिकलीस ना?”

तिने वाढले या शब्दाचा अर्थ उलटा केला, आणि पाटीवरचा आकडा बदलला. हिरवी अक्षरं हिरवीच राहिली. त्यांत आता शून्य होतं.

वालावलकरांना आधी राग आला, यंत्राचा, पुण्याच्या त्या माणसांचा ज्यांनी यंत्राला वर्तमानपत्रं आणि क्रमिक पुस्तकं वाचायला देऊन मराठी शिकवली. मग राग उलटून स्वतःवर आला. त्र्याऐंशी वेळा ही बाई सांगत होती आणि त्यांनी एकदाही कान दिला नव्हता. कान दिला असता तर पहिल्याच दिवशी त्यांना कळलं असतं. अख्ख्या संस्थेत कळण्यासारखा माणूस तेच एक होते.

“काकी, तुला वाटलं नाही गं काहीच? आम्ही पाटीवर आकडे चढवत होतो, तेव्हा?”

“मी रोज सांगी होतंय,” काकी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “तुम्ही पेढे वाटलास. शंभर झाली म्हणान माका पण दिलास. माका वाटलां, शिकलेली माणसां, दुसऱ्या रानात झाली आसतीत शंभर. मी कोण इचारणार?”

“आता राईत काहीच नाही?”

“एकटोच ऱ्हवलो हा. नर. वझराकडे, कडेच्या किंजळीर बसता. वर्सभर गाता नुसतो.”

किंजळीच्या झाडावर चौदा नंबरची श्रवणकळी होती. रेहानाने तिचा आवाज चालू केला. खोलीत ते छोटंसं, किणकिणणारं गाणं आलं, पाच-सहा सुरांचं, संपलं की लगेच पुन्हा, पुन्हा, मध्ये श्वासाचीही फुरसत नसल्यासारखं. गेल्या वर्षभरात हे गाणं रोज साडेतीन हजार वेळा झालं होतं. वनप्रतिमेने ते कळीचा बिघाड म्हणून बाद केलं होतं, कारण १६६ जोड्यांच्या सुखी राईत इतका एकटा नर असणं तिच्या गणितात बसत नव्हतं.

“सुंदर गातो हो,” टेंगशे बाई नकळत म्हणून गेल्या.

“बाई, त्याला कोणी नाही,” वालावलकर म्हणाले. “बंद कर गं रेहाना ते. ऐकवत नाही.”

टेंगशे बाईंनी प्रमाणपत्राची घडी करून ती बॅगेत टाकली. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. नियम त्यांनी सरळ सांगितला. पाटीवर शून्य आलं की पंखे काढायचे, मेलेल्या प्रजातीवर घालायला संस्थेकडे पाणी नाही. मात्र एक नर जिवंत आहे आणि पिंजऱ्यात एक मादी आहे, तेव्हा चाळीस दिवस त्या पंखे काढणं थांबवू शकतील. तेवढ्यात जोडी जमली, घरटं झालं, टिकलं, तर पंखे राहतील. नाहीतर वालावलकरांनी शून्याच्या कागदावर सही करून पाठवायची.

“चाळीसाव्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “मला याहून जास्त काही करता येत नाही. खरंच येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वालावलकर राईच्या कडेपर्यंत पिंजरा घेऊन गेले. तिथून पुढे काकी नेणार होती. आतून पंख्यांचं बारीक धुकं येत होतं आणि त्या धुक्यात तो नर गात होता. पिंजऱ्यातली मादी दांडीवर ताठ बसून ऐकत होती. तिने जन्मात नर पाहिला नव्हता.

“काकी, एक ऐक माझं,” ते म्हणाले. “आता त्या डबीपुढे सरळ बोलायचं. वाढलं म्हणजे वाढलं. मोडलं तर मोडलं म्हणायचं. यंत्राला तुझं ते सोज्वळ बोलणं कळत नाही.”

“राईत म्हणू?”

“राईत म्हण. पाप लागलं तर मला लागू दे.”

काकीने राईकडे तोंड करून हात जोडले, पुटपुटत काहीतरी माफी मागितली आणि पिंजरा उचलला. वालावलकर बूट घातलेल्या पायांनी कडेला उभे राहिले. गुडघे दुखत होते म्हणून मग दगडावर बसले. यंत्राचा शब्द रेहानाने कालच दुरुस्त केला होता, काकीची जीभ आज त्यांनी दुरुस्त केली. आपण कामाला लागलो आहोत असं त्यांना फार दिवसांनी वाटलं.

नवव्या दिवशी गाणं अडीच हजारांवर आलं, चौदाव्या दिवशी आठशेवर. विसाव्या दिवशी नोंद आली, ‘नवे घरटे. एक. वझराच्या कपारीत.’ पाटीवर १ उमटला आणि रेहानाने वालावलकरांना चक्क मिठी मारली. ते तिला ‘पुरे गं, पुरे’ म्हणाले आणि पिंजऱ्याच्या रिकाम्या खोलीत जाऊन रडले. मादी सोडल्यापासून काकी राई सोडून खाली केंद्रात आली नव्हती आणि वर फोन लागत नसे. त्यामुळे जे काही कळायचं ते डबीतूनच.

सत्ताविसाव्या दिवशी गाणं पुरतं थांबलं. चौदा नंबरच्या कळीवर फक्त पंख्यांची सुसू येऊ लागली.

“जोडी जमली की नर गप्प होतो ना सर?” रेहाना म्हणाली. “तुमचाच सिद्धांत.”

“त्या सिद्धांताने मला नऊ वर्षं फसवलंय,” वालावलकर म्हणाले. “आता मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. गप्प म्हणजे गप्प. नर मेलाही असेल.”

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी दहाला नोंद आली. रेहानाने आता प्रत्येक नोंद आवाजासकट ऐकायची असं ठरवलं होतं. काकीचा आवाज जड होता, दम लागल्यासारखा. ‘घरटे वाढले. अंडी तीन.’

पाटीवरचा एक जाऊन शून्य आलं.

वालावलकरांनी ती नोंद पुन्हा एकदा लावायला सांगितली. गेल्या महिनाभरात त्यांनी त्या आवाजातलं ‘घरटे वाढले’ त्र्याऐंशी वेळा ऐकलं होतं, एकेक नोंद, तारखेसकट, शिक्षा म्हणून. आता तो शब्द कानावर पडला की त्यांना मोडलेलं घरटंच दिसे.

“सर, तुम्ही त्यांना सरळ बोलायला सांगितलं होतं ना?” रेहाना म्हणाली.

“सांगितलं होतं. ऐन वेळी नसेल रेटली जीभ. तीन अंडी घातलेलं घरटं, अगं. तिथे देवीसमोर उभं राहून मोडलं म्हणायचं? माझी आईसुद्धा म्हणाली नसती.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आणि गाणं थांबलंय. फक्त मादी गेली असती आणि नर राहिला असता, तर तो गायला असता. दोघंही गेली.”

टेंगशे बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “अजून बारा दिवस आहेत. थांबायचं तर थांबा.”

“कशासाठी थांबू?” वालावलकर म्हणाले. “तो बेडूक तरी जगू दे.”

त्यांनी शून्याच्या कागदावर सही केली. रेहानाने कागद पाठवला. अकरा वाजून दहा मिनिटांनी वनप्रतिमेने तुषारपंखे बंद केले आणि पाण्याची चावी दुसऱ्या खोऱ्याकडे वळवली. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन होतं.

त्या सहीबरोबर वालावलकर निवृत्त झाले, आता त्यांना संस्थेचे नियम लागू नव्हते. ते काकीला भेटायला निघाले. नऊ वर्षं ज्या बाईचं ऐकलं नाही, तिला निदान तोंड दाखवावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. राईच्या कडेला त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि आत पाऊल टाकलं. जमीन थंड होती. इतकी साधी गोष्ट करायला आपल्याला निवृत्त व्हावं लागलं, असं त्यांना वाटलं आणि स्वतःची कीव आली.

काकी वझराजवळ एका मुळावर बसली होती. त्यांना बघून ती आधी त्यांच्या पायांकडे बघत राहिली आणि मग तोंडभर हसली.

“येवा, येवा! माका ठावक होतां, तुम्ही येतलास म्हणान. पण हळू बोला हां.”

“काकी, मला माफ कर,” ते म्हणाले. “सगळं संपलं गं. माझ्याच्याने काही झालं नाही.”

“काय संपलां?” काकीने त्यांच्या तोंडावर हात धरला. “राईत असां बोलतत? सकाळी सांगितलंय नाय मा, वाढलां म्हणान?”

तिने बोट केलं. कपारीत, छातीएवढ्या उंचीवर, शेवाळाची एक वाटी होती. वाटीत मादी बसली होती, मातकट निळी, डोळे त्यांच्यावर रोखून. खालच्या फांदीवर नर ताठ बसला होता. त्याच्या चोचीत माशी होती. तो झेपावला, मादीच्या तोंडात माशी दिली आणि परत त्याच फांदीवर आला. गाण्याचं नावही नाही. मादी जरा सरकली तेव्हा तिच्याखाली तीन ठिपकेदार अंडी दिसली.

“अंडां एक होतां, आज तीन झाली. वझराकडे चढताना दम लागलो माका,” काकी म्हणाली. “तुम्ही सांगितलास, सरळ बोल, वाढलां म्हणजे वाढलां. मी सरळ बोललंय.”

वालावलकरांना सगळं एकदम कळलं. यंत्र काकीसारखं बोलायला शिकलं होतं आणि काकी यंत्रासारखं. त्यांचे स्वतःचे कान तर यंत्राच्याही आधी दुरुस्त होऊन बसले होते. आणि पंखे बंद होते. राईत धुकं नव्हतं. त्यांनी शेवाळाच्या वाटीला बोट लावलं. कडेचं शेवाळ कोरडं पडू लागलं होतं, बोटाखाली चुरलं.

केंद्र दोन तासांवर होतं. त्यांच्या गुडघ्यांना तीन.

“काकी, डबी दे. लवकर दे गं!”

ती हातात घेतली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बोलायचं काय? घरटे वाढले म्हटलं तर यंत्र आणखी एक वजा करील. मोडले नाही म्हटलं, तर त्या शहाण्याला त्यातलं फक्त मोडले ऐकू यायचं. चाळीस वर्षं व्याख्यानं दिलेल्या माणसाला त्या क्षणी तीन अंड्यांसाठी एक धड शब्द सुचेना. नर फांदीवरून त्यांच्याकडे बघत होता. काकी पदराने वाटीवर हळूहळू वारा घालत होती.

“काकी,” ते म्हणाले, “तू घरी नातवंडं मोजतेस तेव्हा काय म्हणतेस?”

“काय म्हणतलंय? आसत म्हणतंय. माउलीच्या कृपेन तीन आसत.”

वालावलकरांनी डबी तोंडाजवळ धरली.

“घरटे आहे,” ते म्हणाले. “अंडी आहेत. तीन आहेत. नर आहे. मादी आहे. मी स्वतः डोळ्यांनी बघतो आहे.”

मग ते खाली बसले आणि वाट बघू लागले. बराच वेळ काही झालं नाही. ऊन पानांतून उतरून कपारीच्या तोंडाशी आलं होतं. काकी पदर हलवत होती. वालावलकरांनी शर्ट काढला, वझराच्या डबक्यात भिजवला आणि वाटीच्या वर कपारीत दाबून धरला. एकेक थेंब शेवाळावर पडू लागला. त्यांचे हात भरून आले, तरी त्यांनी ते खाली घेतले नाहीत.

वर कुठेतरी नळीत हवा खाकरली. एक पंखा फिरला, मग दुसरा. झाडांतून बारीक धुकं खाली उतरू लागलं.

“पाणी इलां,” काकी म्हणाली.

नराने पंख झटकले, धुक्यात एक झेप घेतली आणि माशी घेऊन परत त्याच फांदीवर येऊन बसला. वालावलकरांनी शर्ट पिळला आणि ओलाच अंगात घातला.